गाडी डावीकडे काहून झुकते

घर भाड्याने देताना लोक विचारतात, माणसं किती, मांसमच्छी चालते का, पाहुणे फार येतात का. आमच्या घरमालकांनी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी मला अंगणातल्या पेरूच्या झाडाभोवती फेऱ्या मारायला लावल्या. आधी उजवीकडून, मग डावीकडून, मग "आता जरा जोरात" म्हणून पुन्हा उजवीकडून. बँकेने मला नुकतंच नागपूरहून जबलपूरला पाठवलं होतं. बँकेत नोकरी करणारा, टाय लावलेला, चांगला चाळिशीतला माणूस अनोळखी अंगणात झाडाभोवती पळतो आहे आणि त्याची बायको फाटकाशी उभी राहून ते बघते आहे, असा तो देखावा होता. बायकोने नंतर सांगितलं की मी झाडावर चढलो असतो तरी तिला आश्चर्य वाटलं नसतं, इतकी आम्हाला घराची गरज होती.

ते व्हरांड्यात खुर्चीवर बसून, एक डोळा मिटून, माझ्या खांद्यांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "काहून हो, उजवीकडे वळताना डावा खांदा पाडून राहिले तुम्ही. पण ठीक आहे. तोल सुटत नाही. चलो, घर तुमचं."

"आणि हिला नाही फिरवणार?" मी धापा टाकत विचारलं.

"वहिनींना फाटकातून वळताना पाहिलं मी. फर्स्ट क्लास."

आमच्या संसारात तोल कोणाचा चांगला, हा वाद त्या दिवशी जो मिटला तो मिटलाच. बायको आजही कधीकधी मला सांगते, "खांदा."

काका, म्हणजे हे आमचे घरमालक, मिलिटरीचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे त्यांचं काम एकच होतं. नवा ट्रक मैदानात गोल फिरवायचा आणि वळताना तो किती झुकतो, दोन्ही बाजूंना सारखा झुकतो का, ते बघायचं. उभं आयुष्य त्यांनी वळणाऱ्या वस्तूंकडे बघण्यात घालवलं आणि निवृत्त झाल्यावर कारखान्याने ट्रक काढून घेतले, नजर मात्र त्यांच्याकडेच राहिली. मग ती नजर जे वळेल त्याच्यावर पडायला लागली. गाय, टपालवाला, नवरदेव, कोणीही.

"सरळ रस्त्यावर सगळेच साधू," ते म्हणायचे. "माणूस वळणावर कळतो."

लग्नात ते जेवायच्या पंगतीकडे फिरकायचे नाहीत, आधी होमापाशी खुर्ची टाकून बसायचे. नवरानवरी अग्नीभोवती फिरायला लागले की हे पुढे वाकून बघायचे आणि शेजाऱ्याच्या कानात निकाल द्यायचे. "पोरगी आतल्या बाजूने घट्ट आहे. पोरगा बाहेर फेकला जाऊन राहिला. घर तीच चालवील." पुढे तसंच व्हायचं. बहुतेक घरं तशीच चालतात हे काकूंनी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं, पण त्यांना ते शास्त्र वाटायचं नाही.

सदर बाजारात जायला ई-रिक्षा पकडली की काका आधी रिक्षाभोवती एक चक्कर मारायचे आणि मग बसलेल्या सवारीला उठवायचे. "भैया, आप इधर आइए. दीदी, आप बच्चे को लेकर बीच में. और आप, जी, आप पेट इधर रखिए." रिक्षावाले त्यांना ओळखायचे. काही जण पळ काढायचे, काही जण हात जोडून म्हणायचे, "बाबूजी, जमा दीजिए." आणि खरं सांगतो, काकांनी जमवलेली रिक्षा सदरच्या चौकात अशी वळायची की बसलेल्या बाईच्या हातातल्या पिशवीतलं दूध हलायचं नाही.

एकदा त्यांनी गणपतीची मिरवणूक थांबवली होती. आमच्या मराठी मंडळाची मूर्ती ट्रॉलीवर उभी, पुढे ढोल, मागे बायका, आणि नेमक्या चौकात काका दोन्ही हात पसरून ट्रॉलीसमोर उभे. "बाप्पा उजवीकडे कलून राहिले." मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, काका, मुहूर्त जातो आहे. काका म्हणाले, मुहूर्त जाऊ द्या, नाहीतर बाप्पा जातील. मग त्यांनी गर्दीवर नजर फिरवली. ती आमच्या कोषाध्यक्षांवर स्थिरावली. कोषाध्यक्ष देहाने मोठे आणि स्वभावाने लाजाळू होते. त्यांना डावीकडे, मूर्तीच्या पायाशी, मांडी घालून बसवण्यात आलं. घाटापर्यंत लोक बाप्पाला नमस्कार करून झाला की सवयीने त्यांनाही करत होते. विसर्जनाच्या वेळी काकांनी त्यांना खाली उतरवायला लावलं, तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं विसरता की काय."

हे सगळं मी आनंदाने सांगतो आहे, पण या माणसावर एकदा फार वाईट वेळ आली होती. आणि ती त्यांच्या स्वतःच्या गाडीने आणली होती.

काकांची एक पांढरी, बुटकी, म्हातारी गाडी होती. रोज सकाळी ती घेऊन ते भाजी आणायला जायचे. मंडी चालत गेलं तर जवळच होती, पण काकांच्या मते गाडीला रोज दोनतीन वळणं मिळाली नाहीत तर ती आखडते. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या बरेच महिने घरातच होत्या. पुढे गुडघा सुधारला, त्या पुन्हा गाडीत बसायला लागल्या आणि तक्रार सुरू झाली.

गाडी उजवीकडे वळली की अंग डावीकडे जातं, डावीकडे वळली की उजवीकडे. हे कोणत्याही गाडीचं असतं. फक्त ते दोन्हीकडे सारखं असावं लागतं. काकांची गाडी डावीकडे वळताना नव्या सुनेसारखी वागायची आणि उजवीकडे वळताना एकदम डाव्या अंगावर पडायची. डावीकडे, पुढच्या सीटवर, काकू.

"उजवीकडे वळलं की हे मला दाराबाहेर ओततात," काकू माझ्या बायकोला सांगायच्या. "मी काय वरण आहे?"

हे पुण्याला मुलाच्या कानावर गेलं. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. जबलपूरला वाढलेला, मराठी समजायची सगळी, पण बोलताना पहिल्या तीन शब्दांनंतर त्याची गाडी हिंदीच्या रुळावर जायची. त्याने व्हिडिओ कॉलवर निकाल दिला, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला, कारण फोन मीच धरला होता. काकांनी धरला तर त्यात त्यांचं कपाळच दिसायचं.

"बाबा, गाड़ी में कुछ नहीं है. तुम्ही राइट टर्न जोरात घेता. अब उम्र हो गई है. मी येतो आहे रविवारी. मैं बैठूँगा आपके साथ. अगर गाड़ी वैसे ही झुकी, तो गाड़ी बेच देंगे. ॲप से टॅक्सी बुलाओ, आराम से जाओ."

"मी तीस वर्षं ट्रक वळवले," काका म्हणाले.

"ट्रक में आई नहीं बैठी थी ना, बाबा."

फोन बंद झाल्यावर काकांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटते? गाडी झुकते की मी झुकवतो?" मी म्हटलं, गाडी. मी भाडेकरू होतो, पण ते कारण नव्हतं. मला खरंच तसं वाटत होतं.

"मग रविवारच्या आत सिद्ध करू," ते म्हणाले. "मी" म्हणाले नाहीत, "करू" म्हणाले, आणि माझ्या त्या आठवड्यातल्या सगळ्या संध्याकाळी गेल्या.

पहिल्यांदा हवा. चारही चाकांत सारखी निघाली. मग उंची. प्रत्येक चाकावरच्या पत्र्याची कड जमिनीपासून किती वर आहे ते मोजायचं, म्हणजे गाडी कुठे खाली बसली आहे ते कळतं. त्यासाठी काकूंच्या शिलाईच्या डब्यातली टेप घेतली. पण जमीन सपाट पाहिजे, आणि जबलपूर खडकावर वसलेलं, इथे सपाट काय असणार. काकांनी खिशातून लिंबू काढलं. जिथे लिंबू ठेवल्यावर घरंगळणार नाही, तिथे गाडी मोजायची. आम्ही सदरच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी गाडी थांबवून तिच्यासमोर लिंबू ठेवत आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे टक लावून बघत फिरलो. लोक रस्ता सोडून बाजूने जायला लागले. एक बाई थांबून हळूच म्हणाली, "भैया, गाड़ी को नज़र लगी है क्या?"

"नज़र नहीं, बहनजी, ढलान," काका म्हणाले.

तिने तरी पर्समधून एक मिरची काढून आम्हाला दिली.

शेवटी एका मंगल कार्यालयाच्या फरशीवर लिंबू थांबलं. टेप लावली. गाडी मागून डावीकडे दोन बोटं खाली होती. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मी नाही. गाडी. गाडी उभी आहे, कोणी चालवत नाही, तरी झुकून आहे. म्हणजे मागची डावी स्प्रिंग बसली." त्या संध्याकाळी त्यांनी मला खोव्याची जलेबी खाऊ घातली.

मग शॉकअप, म्हणजे धक्का जिरवणारा दांडा. त्याची परीक्षा अशी की गाडीचा एकेक कोपरा अंगाच्या भाराने दाबायचा आणि एकदम सोडायचा. कोपरा एकदा वर येऊन गप्प बसला तर शॉकअप ठीक, नाचत राहिला तर गेला. दाबायचं काम माझ्याकडे होतं. काका खाली उकिडवे बसून बघायचे. मी एका कोपऱ्यावर पोट टेकून वरखाली होतो आहे, आणि जिन्यावरून माझी बायको विचारते आहे, "हे बँकेत माहीत आहे का?" चारही कोपरे शहाण्यासारखे एकदाच उठून बसले.

राहिली स्प्रिंग. सदरच्या मिस्त्रीने गाडी वर चढवली, लिंक रॉड धरून हलवले, रबराचे बुश चाचपले, टॉर्च मारून स्प्रिंग बघितल्या. "बाबूजी, स्प्रिंग तो जवान है. गाड़ी ख़ाली है ना?"

"एकदम ख़ाली," काका म्हणाले.

"तो फिर पता नहीं. दोनों शॉकर बदल दूँ?"

"न दुखणारा दात काढतो का कोणी?" काका म्हणाले आणि त्यांनी आपला डाव टाकला. मागची डावी स्प्रिंग उजवीकडे बसवायची, उजवी डावीकडे. स्प्रिंग खराब असेल तर झुकणंही तिच्यासोबत उजवीकडे जाईल. मला हे इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी बँकेत दोन कारकुनांची टेबलं बदलून बघितली.

अदलाबदल झाली. गाडी पुन्हा फरशीवर नेली. लिंबू थांबलं. टेप लावली. गाडी डावीकडेच खाली होती, तीच दोन बोटं.

काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "दोष स्प्रिंगसोबत गेला नाही," ते म्हणाले. त्यानंतर घरी येईपर्यंत ते प्रत्येक उजव्या वळणावर इतक्या हळू वळले की मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला.

शनिवारी सकाळी मी दात घासत खिडकीत आलो तर काका पेरूच्या झाडाभोवती एकटेच फिरत होते. उजवीकडून, मग डावीकडून. मला बघून थांबले. "या खाली. बघा बरं, मी कुठे पडून तर नाही राहिलो?" मी खाली गेलो, त्यांच्या खुर्चीवर बसलो, एक डोळा मिटला. ते पुन्हा फिरले. पांढरा सदरा, ताठ मान, दोन्ही खांदे एका रेषेत. मी म्हटलं, "काका, फर्स्ट क्लास." ते म्हणाले, "खरं सांगा." मी म्हटलं, "खरंच." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होते, अप्रशिक्षित माणसाचं मत शेवटी कितपत धरायचं.

रविवारी तिलवाऱ्याला जायचं ठरलं. त्या रस्त्यावर चांगली वळणं आहेत आणि शेवटी नर्मदेच्या काठी बसून जेवता येतं. काकू डबा करून तयार होत्या. परीक्षा असो की फाशी, काकू पुरी-भाजीशिवाय घराबाहेर पडत नसत. मुलगा मागे डावीकडे बसला, मी मागे उजवीकडे, काकू पुढे. माझं आणि मुलाचं वजन साधारण सारखं असल्याची खात्री काकांनी आम्हाला व्हरांड्यात एकमेकांना उचलायला लावून करून घेतली होती.

डावी वळणं सुरेख झाली. मुलगा म्हणाला, "बढ़िया." मग पहिलं उजवं वळण आलं. काकांनी वेग कमी केला, स्टिअरिंग लोण्यात सुरी फिरवावी तसं फिरवलं, आणि गाडी डावीकडे पडली. काकूंनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली. दुसऱ्या उजव्या वळणावर डिक्कीत डबा एका बाजूहून दुसऱ्या बाजूला घसरल्याचा आवाज आला. तिसऱ्यावर मुलानेही पुढची सीट धरली.

घाटाशी गाडी थांबवून काका खाली उतरले. त्यांनी किल्ली काढली आणि मुलाच्या हातात ठेवली. "तू बरोबर होता," ते म्हणाले. "सगळं तपासलं मी. गाडीत दोष नाही. मग मीच राहिलो."

इतक्या मोठ्या विजयाचं काय करायचं ते मुलाला कळेना. तो किल्लीकडे बघत राहिला. "बाबा, ऐसा नहीं..." काकू म्हणाल्या, "आधी जेवून घ्या. डबा काढ रे." मुलगा सुटल्यासारखा डिक्कीकडे वळला.

डबा डाव्या कोपऱ्यात जाऊन अडकला होता. मुलाने आत वाकून हात घातला आणि हात लांबवताना त्याचं कोपर कशावर तरी आपटलं. त्याने डिक्कीतला गालिचा उचलला. खाली, डाव्या बाजूला, नीट शिवलेलं, तोंड बांधलेलं एक जाडजूड पोतं होतं. त्याच्यापुढे, सीटच्या मागे दडपलेलं, दुसरं.

"बाबा, ये क्या है?"

काका जवळ आले. त्यांनी आत बघितलं. "ते काही नाही," ते म्हणाले. "ती तुझी आई आहे."

काकू गाडीच्या बाजूलाच उभ्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मी इथे आहे."

"तू इथे आहेस," काका म्हणाले आणि थांबले. मी त्यांचा चेहरा बघत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला स्वतःची चूक डिक्कीत सापडते तेव्हा तो चेहरा कसा होतो, हे मी बघितलेलं आहे. आधी डावी भुवई वर गेली, मग उजवी. दोन्ही सारख्या.

काकूंचा गुडघा दुखत होता तेव्हा काका एकटेच भाजीला जायचे. ते उजवीकडे आणि डावीकडची सीट मोकळी. गाडी विधुरासारखी चालायची, ते म्हणाले. त्यांना ते सोसेना. डॉक्टरांकडे काकू काट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी मागून डोकावून आकडा बघून घेतला, तेवढी रेती दोन पोत्यांत भरली, गाडीत डावीकडे ठेवली आणि गाडी पुन्हा संसारी झाली. पुढे काकू बऱ्या झाल्या आणि सीटवर येऊन बसल्या. पोती काढायचं काकांच्या मनातही आलं नाही, कारण पोती त्यांच्या लेखी सामान नव्हतंच.

"आणि मिस्त्रीला तुम्ही सांगितलं गाडी रिकामी आहे म्हणून," मी म्हटलं.

"रिकामीच होती," काका म्हणाले. "रिकामी म्हणजे हिला धरून."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या असं मी समजतो. मुलगा पोतं बाहेर ओढायला लागला, ते त्याच्या हातून निसटून धपकन घाटावर पडलं.

"हळू," काकू म्हणाल्या. "आई आहे ती."

पुरी-भाजी खाऊन आम्ही दोन्ही पोत्यांतली रेती नर्मदेच्या काठावर ओतली. शेवटची मूठ सांडली तेव्हा काकूंनी तिच्याकडे बघून विचारलं, "एवढी होते मी?" काका म्हणाले, "तेव्हा आजारी होती तू." हे उत्तर इतकं सावध होतं की मुलानेही मान डोलावली. मग त्याने किल्ली वडिलांच्या हातात परत ठेवली.

परतताना तीच वळणं उलटी आली. पहिल्या उजव्या वळणाला आम्ही सगळे श्वास धरून बसलो. गाडी जेवढी झुकायला हवी तेवढी झुकली आणि पुन्हा सरळ झाली. काकूंचे हात मांडीवर होते. मागून मुलगा म्हणाला, "गाड़ी रहने दो, बाबा." आणि थोड्या वेळाने, "तुम्हीच चालवा."

काका खुश व्हायला हवे होते. पण शहर जवळ आलं तसे ते गंभीर झाले. "एक अडचण आहे," ते म्हणाले. "आता मी एकटा गेलो की गाडी उजवीकडे झुकेल."

"मग?" काकू म्हणाल्या. "मी काय रोज कोथिंबिरीला तुमच्यासोबत येऊ?"

काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोतं यायचं."

सोमवारी मी बँकेत निघालो तेव्हा भाजीची पिशवी घेऊन त्या गाडीच्या डाव्या दाराशी उभ्या होत्या आणि घरात असलेल्या काकांना हाका मारत होत्या, चला, ऊन चढून राहिलं. संध्याकाळी काका भेटले तेव्हा मी विचारलं की गाडी कशी गेली.

"गाडी एकदम बरोबर," ते म्हणाले. मग घराकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली केला. "पण पोत्याने कधी मेथीची जुडी परत करायला लावली नव्हती."